संगणकीय करविवरण आणि आपले काही गैरसमज

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाखेच्या मासिक सभेत ग्रहणीवरील व्याख्यान आटोपले आणि चहापानाच्या वेळी एका ज्येष्ठ वैद्यांनी आम्हांस हळूच बाजूस घेतले. तीसपस्तीस वर्षे तालुक्याच्या गावी नाडी पाहणारा हा माणूस. हात कधी कापताना पाहिला नव्हता, पण त्या दिवशी खिशातून चौघडी कागद काढताना तो कापत होता. तो कागद आयकर खात्याचा होता. २०२१-२२ या आर्थिक वर्षाचे उत्पन्न कमी दाखविल्याबद्दल कर, व्याज आणि शास्ती यांची मागणी त्यात होती. ‘आजवर एक वर्ष विवरणपत्र चुकवले नाही, मग हे काय?’ एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारीत होते.

प्रकरणाचा उलगडा होण्यास दोन बैठका लागल्या. वैद्यराजांचा दवाखाना तळमजल्यावर आहे. वरच्या दोन खोल्या एका प्राध्यापकास दरमहा ११,००० रुपये भाड्याने दिलेल्या होत्या. भाडे रोखीत मिळे, पावती कधी दिली जाई, कधी नाही. विवरणपत्रात दवाखान्याचे उत्पन्न दर वर्षी प्रामाणिकपणे दाखविले जाई. भाड्याचा उल्लेख मात्र कधीच नसे. ‘रोख भाडे संगणकात कोठून येणार?’ असे फॉर्म भरणाऱ्या गृहस्थांनी त्यांना सांगितले होते, आणि ते वैद्यराजांना पटलेही होते. तिकडे त्या प्राध्यापकाने आपल्या पगारातील घरभाडे भत्त्यावर करसवलत घेतली होती. वार्षिक भाडे १ लाखाहून अधिक असेल तर घरमालकाचा पॅन आपल्या संस्थेस द्यावा, असे बंधन भाडेकरूवर असते. त्याने तो दिला. त्याने काहीही गैर केले नाही. एका बाजूस दिलेले भाडे आणि दुसऱ्या बाजूस न मिळालेले भाडे अशी जोडी खात्याच्या यंत्रणेत सापडली, इतकेच.

याहून वाईट भाग पुढे आहे. खात्याने विचारणा केली होती. एकदा नव्हे, अनेकदा. ती सर्व पत्रे संगणकीय टपालाने गेली. पण करविवरणाच्या संकेतस्थळावर वैद्यराजांच्या नावापुढे जो ई-मेल आणि जो भ्रमणध्वनी नोंदलेला होता, तो त्या फॉर्म भरणाऱ्या गृहस्थांचा! ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी दुकान आवरून पुण्यास मुलाकडे गेले होते. पत्रे येत राहिली, वाचणारा कोणी नव्हता.

आम्ही हिशेब मांडून पाहिला. १,३२,००० रुपये वार्षिक भाडे. त्यातून भरलेली घरपट्टी ४,००० वजा जाता १,२८,०००. त्यावर कायद्याने मिळणारी ३०% सरसकट वजावट ३८,४०० गेली की करपात्र रक्कम उरते ८९,६०० रुपये. वैद्यराजांचे उत्पन्न तेव्हाच्या २०%च्या टप्प्यात होते. म्हणजे उपकरासह सुमारे १८,६०० रुपये कर. एवढी रक्कम त्या वर्षी भरून टाकली असती तर हा विषय तेथेच संपला असता. आज त्यावर व्याज आणि शास्ती चढली आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे एका सरळमार्गी माणसाची झोप गेली आहे.

वैद्यमित्रांनी हा प्रसंग करबुडवेगिरीचा समजू नये. आपल्या शास्त्रात ज्यास प्रज्ञापराध म्हणतात, तो हा. काहीच ठाऊक नसते तर त्यांनी कोणास विचारले असते. चुकीचे ठाऊक होते, म्हणून विचारले नाही. सभासदांशी बोलताना आम्हांस असे चुकीचे ज्ञान इतक्या ठिकाणी आढळले की एकदा या विषयावर सविस्तर लिहावे असे वाटले. आम्ही करसल्लागार नव्हे, बी.ए.एम.एस. वैद्य आहोत. तेव्हा पुढील लिखाण हा सल्ला न मानता, आपल्या सल्लागारास कोणते प्रश्न विचारावेत याची टिपणे मानावीत.

रोखीचा समज सर्वांत जुना आणि सर्वांत खोल मुरलेला. त्याचे नवे रूप यूपीआयचे आहे. एका बाजूस काही तरुण वैद्यांना वाटते की काउंटरवरील क्यूआर कोडवर आलेला प्रत्येक रुपया आपोआप करपात्र होतो, म्हणून तो फलकच काढून टाकावा. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या छोट्या विक्रेत्यांना यूपीआय जमांच्या आधारे वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या आणि अनेकांनी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या, तेव्हा हे भय आपल्याकडेही आले. दुसऱ्या बाजूस काही जण फलक पत्नीच्या किंवा मुलाच्या खात्याचा लावून निर्धास्त होतात. दोन्ही समज चूक आहेत. उत्पन्न कोणत्या वाटेने आले यावर ते उत्पन्न आहे की नाही हे ठरत नाही, आणि ते कोणाच्या खात्यात पडले यावर ते कोणाचे हे ठरत नाही. ज्याने रुग्ण तपासला त्याचे ते उत्पन्न. उलटपक्षी, भावाने आईच्या औषधासाठी पाठविलेले ५,००० रुपये त्याच खात्यात आले म्हणून ते शुल्क होत नाही. अडचण एवढीच की तीन वर्षांनी कोणी विचारले तर ते आपल्याला आठवत नाही. दवाखान्याचे खाते वेगळे ठेवणे हा यावरचा अगदी साधा उपाय आहे. त्यास खर्च शून्य येतो, तरीही आमच्या पाहण्यातील निम्म्याहून अधिक वैद्य तो करीत नाहीत, याचे आम्हांस नवल वाटते.

नोव्हेंबर २०२१ पासून आयकर संकेतस्थळावर प्रत्येक पॅनधारकाचे ‘वार्षिक माहिती विवरण’, म्हणजे ज्यास सर्व जण एआयएस म्हणतात ते, उपलब्ध आहे. बँकेचे व्याज, कापलेला कर, मोठ्या रकमांची खरेदीविक्री असे बरेच काही त्यात असते. यावरूनही दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे, त्यात जे आहे ते सर्व मान्य केलेच पाहिजे. वास्तविक त्यात चुका असतात, एकच नोंद दोनदा येते, संयुक्त खात्याचे सर्व व्याज एकाच नावावर पडते. आणि ‘ही नोंद माझी नाही’ असे कळविण्याची सोय तेथेच दिलेली आहे. दुसरा समज अधिक घातक : त्यात जे नाही ते दाखवायचे नाही. एआयएस ही खात्याला इतरांकडून कळलेली माहिती आहे, आपल्या उत्पन्नाची व्याख्या नव्हे. वैद्यराजांचे भाडे बहुधा त्यांच्या एआयएसमध्ये दिसतही नव्हते.

आता ज्यास आपल्याकडे ‘निम्म्याची योजना’ म्हणतात त्याविषयी. १९६१च्या आयकर कायद्यात ४४एडीए हे कलम २०१६च्या वित्त अधिनियमाने आले. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५च्या आयकर अधिनियमाने घेतली असली, तरी ही तरतूद कलम ५८ मध्ये कायम आहे. वैद्यकीय व्यावसायिकाची वर्षाची एकूण प्राप्ती ५० लाखांच्या आत असेल, किंवा रोखीचा भाग ५%हून अधिक नसल्यास ७५ लाखांच्या आत असेल, तर त्या प्राप्तीच्या किमान ५०% रक्कम नफा म्हणून दाखवून त्यास हिशेबाच्या वह्या ठेवण्यापासून सूट मिळते. आपल्यासारख्यांसाठी ही योजना खरोखर सोयीची आहे. पण तिच्याविषयी ऐकीव ज्ञान फार.

‘ही योजना ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी आहे’, असे एका पदव्युत्तर वैद्याने आम्हांस ठामपणे सांगितले. १९६२च्या आयकर नियमांतील दैनंदिन रुग्णनोंदीचा ३सी हा नमुना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याचे शीर्षक आठवेल. कोणत्याही वैद्यकपद्धतीचे व्यावसायिक असे म्हणून त्यात चिकित्सक, शल्यक, दंतवैद्य यांच्या पंक्तीत ‘वैद’ आणि ‘हकीम’ हे शब्द स्पष्ट छापलेले आहेत. मानसन्मानाच्या बाबतीत शासनाने आपणांस मागे ठेवले अशी तक्रार आपण नेहमी करतो; कर घेताना तरी त्याने भेद केलेला नाही.

दुसरा घोटाळा ‘निम्मे’ या शब्दाचा. ५०% ही किमान मर्यादा आहे. उरलेल्या निम्म्यात दवाखान्याचे भाडे, मदतनिसाचा पगार, विजेचे बिल, पंचकर्माच्या द्रोणीचा घसारा असा सर्व खर्च आलाच, असे कायदा मानतो. ५०% दाखवून पुन्हा वरून भाडे वजा करणारी विवरणपत्रे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. ज्याचा खर्च खरोखरच निम्म्याहून अधिक आहे त्याने कमी नफा जरूर दाखवावा, पण मग वह्या ठेवाव्या लागतात आणि करमर्यादेवरील उत्पन्न असल्यास लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. तसेच, निम्मे कशाचे? एकूण प्राप्तीचे. दूरस्थ सल्ल्याच्या एखाद्या ॲपने ५०० रुपयांतून आपली दलाली कापून ४०० खात्यात टाकले, तर प्राप्ती ५०० धरायची, ४०० नव्हे. रुग्णालयाने भेटशुल्कातून १०% कर कापला असेल तर कापण्यापूर्वीची रक्कम धरायची. आणि घरभाडे, बँकेचे व्याज यांचा या निम्म्याशी काहीएक संबंध नाही. त्यांचे कप्पे वेगळे.

‘कर कापला गेला, म्हणजे विवरणपत्राची गरज संपली’ हाही याच कुळातला समज. कापलेला कर हा आगाऊ जमा झालेला कर असतो, हिशेब झालेला नसतो. महाराष्ट्रात व्यवसाय कराचे वार्षिक २,५०० रुपये भरून ‘आमचा टॅक्स भरलेला आहे’ म्हणणारेही आहेत. तो राज्याचा कर, हा केंद्राचा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळाल्याने कर शून्य येतो, हे खरे. त्यावरून विवरणपत्रच नको असा निष्कर्ष काढणे मात्र चूक. ती सूट विवरणपत्रात मागूनच मिळते. शिवाय व्यवसायातील वार्षिक प्राप्ती १० लाखांहून अधिक असली की कर शून्य असला तरी विवरणपत्र सक्तीचे, असा नियम एप्रिल २०२२ मध्ये आला.

येथे आम्ही तरुण वैद्यांसाठी थोडे थांबतो. आमच्या ओळखीतील एका वैद्य दांपत्याने तीन वर्षांपूर्वी दवाखान्यासाठी गाळा घेण्याचे ठरविले. दोघांचा रुग्णवर्ग उत्तम, कर्जाचा हप्ता सहज फेडतील अशी स्थिती. बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली. त्यांवर प्रत्येकी अडीच लाखांच्या आसपास उत्पन्न! ‘कर लागू नये एवढेच दाखवा’ या सल्ल्याने ती भरलेली होती. बँकेच्या अधिकाऱ्याने ती वाचली आणि अगदी सभ्यपणे सांगितले की एवढ्या उत्पन्नात हा हप्ता बसत नाही. वाचविलेला कर किती, तर त्या उत्पन्नावर बहुधा काहीच लागला नसता. गमावलेला गाळा मात्र आज दीडपट किमतीचा झाला आहे. ते आजही भाड्याच्या जागेत बसतात.

आता आमचाही हात पोळल्याची कबुली देणे भाग आहे. २०२३ साली मुदत ३१ जुलैपर्यंत होती. आम्ही दोन दिवस आधीच संगणकासमोर बसून विवरणपत्र स्वतः भरले, ‘सादर झाले’ असा हिरवा संदेश पाहिला आणि समाधानाने उठलो. ऑक्टोबरात सहज डोकावलो तेव्हा समजले की विवरणपत्र पडताळणीविना पडून आहे. आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक अंक टाकणे, किंवा सही केलेली पोच बेंगळुरूच्या केंद्रास टपालाने पाठविणे, यांपैकी काहीतरी केल्याखेरीज ते पूर्ण होत नाही. पूर्वी यासाठी १२० दिवस मिळत. १ ऑगस्ट २०२२ पासून ३० दिवस मिळतात. त्यानंतर पडताळणी केली तर ज्या दिवशी पडताळणी, त्याच दिवशी विवरणपत्र भरले असे धरले जाते. आम्ही वेळेत भरलेले पत्र अशा रीतीने उशिराचे ठरले आणि ५,००० रुपये विलंबशुल्क बसले. रुग्णास चूर्ण बांधून दिले, पण अनुपान सांगितलेच नाही, असा हा प्रकार. चूक सर्वस्वी आमची होती. संदेशाखाली बारीक अक्षरांत पडताळणीचे लिहिलेले होते.

खात्याची काही चूकच नसते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ७ जून २०२१ रोजी नवे संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा ते महिनोन्‌महिने धड चालत नव्हते. ते उभारणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी बोलावून जाब विचारला, हे वृत्तपत्रांत आलेले आहे. तेथील पुष्कळसा मजकूर असा असतो की आमच्या पिढीच्या मराठी माध्यमातून आलेल्या वैद्यास त्यापेक्षा माधवनिदानावरील टीका सोपी वाटावी. करदात्याने अज्ञानाची सबब सांगू नये हे मान्य; पण ज्यास उत्तर द्यावयाचे आहे त्यास प्रश्न समजेल अशा भाषेत विचारावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पासवर्डाविषयी आमचे मत जरा कडक आहे. आपण कोरे, सही केलेले औषधपत्र कोणा औषधविक्रेत्याच्या हाती ठेवतो काय? मग आपले संपूर्ण आर्थिक चरित्र ज्या कुलपाआड आहे त्याची किल्ली, ई-मेल आणि भ्रमणध्वनीसह, दुसऱ्याच्या खिशात का? सल्लागाराने विवरणपत्र भरावे, त्यास योग्य शुल्क द्यावे, परंतु संपर्काचे तपशील आपलेच असावेत. एका सभासदाच्या विवरणपत्रात तर त्यांनी कधीही न दिलेल्या देणग्यांची वजावट घेऊन परतावा मिळविलेला निघाला. परताव्यातील हिस्सा हाच त्या माणसाचा मेहनताना होता. खोट्या वजावटीची जबाबदारी कोणाची, असे त्या सभासदाने आम्हांस विचारले. सही ज्याची, त्याची.

वस्तू व सेवा कराबाबत ‘वैद्यास जीएसटी नाही’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. २८ जून २०१७च्या अधिसूचनेने मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतीतील निदान, उपचार आणि शुश्रूषा यांना करमुक्त ठेवले आहे, आणि आयुर्वेद त्यात येतो. व्याधीसाठी दिलेली बस्ती ही उपचार आहे. परंतु ‘वीकएण्ड रिलॅक्सेशन पॅकेज’ म्हणून जाहिरात करून केलेला अभ्यंग उपचार आहे असे म्हणणे अवघड जाईल. तेथे रुग्णपत्रिका, निदान आणि वैद्याची सही नसेल तर बोलण्यासारखे काही उरत नाही. औषधांची विक्री ही तर करपात्रच; २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर ५% दर आहे.

खरी मेख नोंदणीच्या मर्यादेत आहे. केवळ करमुक्त सेवा देणाऱ्या वैद्यास नोंदणी नको, मग प्राप्ती कितीही असो. पण सेवेबरोबर काही करपात्र पुरवठाही असेल, तर २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त प्राप्तीदेखील धरावी लागते. समजा, एका वैद्यांचे तपासणी आणि उपचाराचे शुल्क १४ लाख, काउंटरवरील औषधविक्री ५ लाख आणि वरच्या मजल्यावरील कार्यालयाचे भाडे २ लाख ४० हजार. तिन्ही एकाच पॅनवर. बेरीज २१ लाख ४० हजार झाली आणि नोंदणीचे बंधन आले, जरी कर फक्त औषधांवर आणि त्या व्यापारी भाड्यावर लागणार असला तरी. ‘वस्तूंसाठी ४० लाख मर्यादा आहे ना?’ असे विचारले जाते. ती केवळ वस्तूच विकणाऱ्यांसाठी आहे. रुग्णास उपचाराचाच भाग म्हणून दिलेले औषध कोठे धरावे, यावर मात्र जाणकारांतही एकवाक्यता नाही. ज्यांची बेरीज २० लाखांच्या आसपास आहे त्यांनी हा प्रश्न लेखी विचारून घ्यावा.

घरमालक असलेल्या सभासदांसाठी आणखी दोन गोष्टी. ३०% वजावट ही दुरुस्ती, सोसायटीचे देखभाल शुल्क, विमा, भाडेवसुली अशा सर्व खर्चांच्या बदल्यात आहे. खर्च शून्य झाला तरी ती मिळते आणि दुप्पट झाला तरी तेवढीच मिळते. रंगकामाच्या पावत्या जमवून वेगळी वजावट मागता येत नाही. आणि राहण्याचे घर भाड्याने देऊन ते ‘व्यवसायाचे उत्पन्न’ म्हणून दाखविण्याची जी युक्ती काही जण करीत, ती २०२४च्या दुसऱ्या वित्त अधिनियमाने बंद केली आहे. स्वतःच्या मालकीच्या जागेत स्वतःचाच दवाखाना असेल तर त्याचे काल्पनिक भाडे मात्र दाखवावे लागत नाही. ही शंका अनेकांना असते, म्हणून लिहिले.

आपल्याच क्षेत्रातील दोन खास समज राहिले. शेतात लावलेली शतावरी, कोरफड, अश्वगंधा यांची विक्री हे शेतीचे उत्पन्न आहे, यात वाद नाही. परंतु त्याच अश्वगंधेचे चूर्ण किंवा अरिष्ट करून विकले, तर सर्व रक्कम शेतीची होत नाही. कच्च्या मालाची बाजारभावाने होणारी किंमत शेतीकडे, उरलेला नफा व्यवसायाकडे, अशी विभागणी नियमांनी सांगितलेली आहे. दुसरी गोष्ट औषध कंपन्यांच्या सहलींची. ठरावीक मागणी नोंदविणाऱ्यास बँकॉकची वारी, हे आता आयुर्वेदातही आलेच आहे. व्यवसायामुळे मिळालेला असा लाभ पैशांत नसला तरी उत्पन्नात धरला जातो, आणि १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांपलीकडील लाभावर १०% कर कापण्याचे बंधन देणाऱ्यावर आहे. म्हणजे वारीची नोंद पॅनवर उमटते. अशा वाऱ्या घ्याव्यात की नाही, यावर आमचे मत या पृष्ठांतून पूर्वी मांडून झाले आहे; पुनरुक्ती करीत नाही.

मध्यंतरी आमच्या वैद्यसमूहात एक संदेश फिरला की आता स्वयंरोजगारी आणि घरमालक यांना दर तीन महिन्यांनी विवरणपत्र भरावे लागणार. बरीच घबराट झाली. शोध घेता तो संदेश इंग्लंडातील एका सहाध्यायाकडून आलेला निघाला. तेथे ६ एप्रिल २०२६ पासून ज्यांची व्यवसाय आणि भाडे मिळून ढोबळ प्राप्ती ५०,००० पौंडांहून अधिक आहे, त्यांना संगणकीय नोंदी ठेवून दर तिमाहीस गोषवारा पाठविण्याचे बंधन आले आहे. २०२७ मध्ये ही मर्यादा ३०,००० आणि २०२८ मध्ये २०,००० पौंड होणार आहे. भारताशी त्याचा संबंध नाही. गंमत अशी की तेथील लोकांचे गैरसमजही आपल्यासारखेच आहेत. चार गोषवारे म्हणजे चार विवरणपत्रे असे त्यांना वाटते, आणि मर्यादा नफ्यावर मोजतात असेही. वास्तविक ती ढोबळ प्राप्तीवर आहे. आपल्याकडे विवरणपत्र वर्षातून एकदाच. निम्म्याच्या योजनेत अग्रिम करही १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरायचा असतो. आणि वह्या संगणकावरच ठेवाव्यात अशी सक्ती आपल्यासारख्या वैयक्तिक व्यावसायिकावर नाही. विवरणपत्र संगणकावर भरायचे, पण रोजची नोंद शाईने लाल कापडी वहीत केली तरी चालते. ज्येष्ठ सभासदांनी एवढ्यासाठी धास्ती घेऊ नये.

शेवटचा समज निराशेचा. ‘मागे चुकले ते चुकले, आता काय करणार?’ २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. २०२५च्या वित्त अधिनियमाने तिची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षे केली. राहिलेले उत्पन्न स्वतःहून दाखवावे, कर आणि व्याज भरावे, आणि वर पहिल्या वर्षी २५%, दुसऱ्या वर्षी ५०%, पुढे ६०% आणि ७०% जादा रक्कम द्यावी, असे तिचे स्वरूप आहे. परतावा मागण्यासाठी ती वापरता येत नाही. वैद्यराजांनी मार्च २०२४पूर्वी हे केले असते, तर करावर आणि व्याजावर २५% एवढाच जादा भार पडला असता. त्यांना ही सोय आहे हेच ठाऊक नव्हते. खात्याने पाठविलेली पत्रे पुण्यास कोणाच्या तरी पेटीत पडून होती.

आमची कार्यकारिणीस विनंती आहे की शास्त्रीय चर्चासत्रांबरोबर दर वर्षी मे महिन्यात एक पूर्ण दिवस या विषयास द्यावा. सनदी लेखापालास बोलवावे, त्याचे मानधन शाखेने द्यावे, आणि प्रत्येक सभासदाने तेथेच आपल्या खात्यात प्रवेश करून ई-मेल, भ्रमणध्वनी आणि बँकेचा तपशील तपासावा. औषध कंपनीचा प्रायोजक त्यासाठी शोधू नये. आम्ही दोन शाखांत हा विषय काढला तेव्हा ‘वैद्याने हिशेबात पडू नये’ असा सूर एका कोपऱ्यातून निघाला. त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर शुल्काचा फलक आहे.

वैद्यराजांच्या प्रकरणी एका लेखापालाच्या साहाय्याने अपील दाखल झाले आहे. भाडे दाखविले नाही हे मान्य करून केवळ शास्तीविरुद्ध दाद मागितली आहे. निकाल यावयाचा आहे. दरम्यान त्यांच्या सूनबाईंनी संकेतस्थळावरील सर्व तपशील बदलून घेतले. जुना पासवर्ड त्या फॉर्म भरणाऱ्या गृहस्थांच्या नातीच्या नावाचा निघाला. प्राध्यापक अजून वरच्या खोल्यांतच राहतात. भाडे आता बँकेतून येते आणि वैद्यराज दर महिन्यास पावतीही देतात.